बंद गल्लीची राखण

माझ्या आईने ज्या माणसाचं डोकं फोडलं त्याला अठरा टाके पडले. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. छत्तीस पडले असते तरी वाटलं नसतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून समतोल विचारांची अपेक्षा कुणी ठेवणार नाही. दुसरी बाजू ऐकायची असेल तर त्या बाजूला वकील आहे, चांगला नावाजलेला आहे, त्याच्याकडे जावं.

आईचं नाव मुक्ताबाई, वय एकाहत्तर. मी तिची मोठी मुलगी तेजस्विनी. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, दहावीच्या मुलांना गणित शिकवते. घटस्फोट घेऊन अकरा वर्षं झाली आणि त्याबद्दल चौकशी करणाऱ्याला मी चहा विचारत नाही.

माहेर येरवड्याच्या पुढचं. आता ते शहरातच आलं, पण माझ्या लहानपणी तिथे ज्वारी उभी असायची. आजोबांची अकरा एकर जमीन होती. ती कुठे गेली हे त्या भागातल्या कुठल्याही घरात विचारा, एकच उत्तर मिळेल. थोडी रस्त्यात, थोडी लग्नांत, उरलेली बिल्डरच्या घशात. आमचे चार गुंठे तेवढे वाचले. तिथे माझ्या वडिलांनी, जयसिंग त्यांचं नाव, पत्र्याची शेड ठोकली आणि लोखंडी गेटं, ग्रिल, शटर बनवायचा धंदा काढला. ते गेल्यावर धंदा माझ्या धाकट्या भावाकडे, रणजितकडे आला. जागेच्या उताऱ्यावर आई आणि रणजित अशी दोनच नावं. माझं नाव मी वडिलांच्या वर्षश्राद्धाआधीच काढून दिलं. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिचं माहेर चालू ठेवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. सोडला नाही तर कोर्टात हिस्सा मिळतो, पण दिवाळीला दार उघडत नाही. मी मुकाट्याने सही केली. रणजितने त्या दिवशी मला साडी घेतली, तीही पोपटी.

शेड ज्या गल्लीत आहे तिथे सहा धंदे. आमच्या शेजारी युसूफभाईंचं गाड्यांच्या सीट-कव्हरचं दुकान, समोर अनंत पेंटर, पुढे आणखी तिघे. गल्लीचा जुना नियम असा की मे महिन्यात बारा दिवस सगळ्यांनी एकदम बंद ठेवायचं. कारागीर लग्नसराईला आपापल्या गावी पळतात आणि पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. गिऱ्हाइकाला सगळ्यांचं एकच उत्तर, वीस तारखेनंतर या. पूर्वी मालक मंडळी फार तर महाबळेश्वरला जायची. मग एकाने बँकॉकचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकले आणि तिथून साथ पसरली. आता मे महिन्यात पुण्यात राहिलेला मालक म्हणजे बुडालेला मालक, असं समजतात. यंदा अनंत व्हिएतनामला, युसूफभाई बायको नसीमबानूला घेऊन उमऱ्याला, बाकीचे दुबई आणि सिंगापूर. रणजितने बाकू काढलं. बाकू नकाशावर कुठे आहे हे त्याला पैसे भरल्यावर कळलं असणार.

आईलाही न्यायचं ठरलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. जन्मात तिने आळंदीपलीकडचं काही फारसं पाहिलेलं नाही. मार्चमध्ये व्हिसाचं काम झाल्याचा तिचा फोन आला, आवाजात नवी नवलाई.

"इसाचं झालं गं तेजा. एका हापिसात नेलं व्हतं रणजितनं. खुर्चीत बशिवलं, फोटू काढला, अंगठं घेतलं, सह्या घेतल्या. निळं पातळ नेसले व्हते, डोळ्यावर चष्मा बी व्हता."

"पुढच्या वेळी चष्मा काढून बस," मी म्हटलं, "विमानात सीट चांगली देतील." दोघी हसलो आणि मी फोन ठेवला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना निरोप द्यायला गेले. बॅगा दारात रांगेने उभ्या होत्या. रणजितची बायको अपेक्षा पासपोर्ट मोजत होती, त्यांचा मुलगा सूरज गॉगल लावून घरभर हिंडत होता. आणि आई स्वतःच्या बॅगेवर बसून म्हणाली, "म्या न्हाई येत."

"आई, मस्करी नको," रणजित म्हणाला.

"मस्करी न्हाई. दुपारी शेडवर जाऊन आले. समदी गल्ली बंद. चिटपाखरू न्हाई. रान असं मोकळं टाकून जात्यात व्हय?"

हे तिच्या हाडात मुरलेलं आहे. पीक उभं असताना सगळं घर जत्रेला गेलं तरी एका माणसाने राखणीला रानात थांबायचं. आमच्या घरात ते माणूस म्हणजे नेहमी आई. लग्न झाल्यापासून तिने गावची जत्रा लांबून, माळ्यावर बसून ऐकली. ज्वारी जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी तिची राखण काही उतरली नव्हती.

"कॅमेरे लावलेत ना तिथे," रणजित म्हणाला. "मी जगात कुठूनही मोबाइलवर बघू शकतो. बोलूसुद्धा शकतो."

"कॅमेरा काय करतोय? बघतोय निस्ता."

मी हसले. रणजित हसला नाही. त्याने आईच्या शेजारची पिशवी लाथेने उडवली. ती भिंतीवर आपटून फाटली आणि खाकऱ्याची पाकिटं फरशीवर विखुरली. सूरज रडायला लागला. माझा भाऊ तोंडाने वाईट आहे, पण आईसमोर पाय उचलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मग लगेच तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि तिचे हात धरले. "बरं, नको येऊस. पण मग ताईकडे राहायचं. शेडवर पाऊल टाकायचं नाही. माझी शप्पथ घे."

आईने शपथ घेतली. मला वाटलं, काळजीपोटी चिडला. मी त्याच्यासाठी कारणंसुद्धा शोधली, दगदग झाली असेल, उन्हाचा त्रास असेल. मोठ्या बहिणी या कामात फार तरबेज असतात.

तीन दिवस आई माझ्या फ्लॅटमध्ये होती. खिडकीत बसायची, खालच्या स्कूटर मोजायची, भांडी दोनदा घासायची. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिने भाकरी फडक्यात बांधली आणि चपला पायात घातल्या.

"शप्पथ घेतलीस ना?" मी विचारलं.

"त्याची घेतली. त्याला काय हुतंय, तो तिकडं हाय. पाणी मारून येती शेडवर, दुपारच्याला परत."

मी बॅचच्या गडबडीत होते. "जा बाई," मी म्हटलं, "तुझं बाकू तिकडेच आहे." हे माझं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

साडेअकराला दहा कमी असताना मी फळ्यावर प्रमेय लिहीत होते. रणजितचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आल्यावर उचलला.

"ताई, आई कुठंय?"

"शेडवर गेलीय. का?"

मागे ताटल्या-चमच्यांचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. हॉटेलात नाश्ता चालू असावा.

"ताई, लवकर जा. प्लीज. शेडवर लोक घुसलेत. मला कॅमेऱ्यात दिसतायत. तिला तिथून काढ."

"पोलिसांना फोन केलास?"

"पोलीस नको! वेळ जाईल त्यात. तू जा आधी, तू जा."

मी खडू टाकला, मुलांना घरी जा म्हणून ओरडले आणि जिन्यावरून धावले. बंडगार्डनच्या पुलापर्यंत मी तीन सिग्नल तोडले. चौथ्याला ट्रक आडवा होता म्हणून थांबले आणि तेवढ्यात एकशे बारा लावून पत्ता सांगितला. भाऊ नको म्हणाला होता, पण भाऊ घाबरला असेल असं वाटलं. घाबरलेल्या माणसाचं गणित चुकतं, हे मी रोज बघते.

गल्लीत वळले तेव्हा दोन्ही बाजूंना कुलुपं. एक शटर वर नाही, एक माणूस नाही. गल्लीच्या शेवटी आमची शेड, आणि तिच्यासमोर पिवळा जेसीबी. शेडचं पुढचं दार, वडिलांनी स्वतः बनवलेलं, मधोमध दुमडून रस्त्यावर पडलं होतं. काळ्या टी-शर्टमधले दहाबारा पुरुष आणि चार बायका. हल्ली जागेचा ताबा घ्यायला बायका आणतात, कारण घरातल्या बाईला पुरुषाने हात लावला तर केस होते. कायद्याचा अभ्यास या लोकांइतका वकिलांचाही नसेल.

मी स्कूटर स्टँडवर न लावता तशीच सोडून दिली आणि आत घुसले.

आई जमिनीवर होती. शेडच्या मध्यभागी काँक्रीटमध्ये गाडलेली ऐरण आहे. तिला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली होती. दोन बायका तिचे पाय धरून ओढत होत्या आणि तिसरी एकेक करून तिची बोटं उचकटत होती. पातळ गुडघ्याच्या वर गेलेलं, बांगड्या फुटून मनगटातून रक्त, अंबाडा सुटलेला. ती ओरडत नव्हती. दातओठ खाऊन नुसती धरून बसली होती. त्या धडधाकट बायका तिला ओढत होत्या आणि ती एकाहत्तर वर्षांची म्हातारी तसूभर हलत नव्हती.

मी बोटं उचकटणारीची वेणी धरली आणि मागे खेचली. ती पाठीवर आपटली. तिच्या साथीदाराने तिला "प्रियदर्शनी, ऊठ!" म्हणून हाक मारली, म्हणून तिचं नाव मला माहीत आहे. ती उठली आणि तिने माझ्या पोटात गुडघा घातला. माझा श्वासच गेला. दुसरीने मागून माझा हात पिरगळला. मी तिच्या मनगटाचा चावा घेतला, तोंडात खारट चव येईपर्यंत सोडलं नाही. बेचाळीस वर्षांची गणिताची शिक्षिका, आयुष्यात कधी मुलांवर पट्टीसुद्धा उगारली नव्हती. त्या क्षणी हातात काही आलं असतं तर मी तिचा जीव घेतला असता. मला ते करावंसं वाटत होतं, मनापासून.

"ताई, ताई, आपण बाजूला व्हा ना," एक गृहस्थ शांतपणे म्हणाला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. "कशाला त्रास करून घेताय? सगळं कायदेशीर आहे."

आणि तेवढ्यात भिंत बोलली.

शेडच्या कोपऱ्यात वर पांढरा कॅमेरा आहे, त्याला बारीक स्पीकर. त्यातून माझ्या भावाचा आवाज आला, फाटलेला, खरखरीत. "अभिनव! अभिनव, थांब! हात लावू नको आईला! आपलं असं ठरलं नव्हतं!"

सगळे थांबले. माझा हात पिरगळणारीने तो सोडला. फाइलवाला वर बघून कंटाळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "रणजितशेठ, तुम्ही म्हणाला होता जागा रिकामी मिळेल. तुम्हीच शब्द पाळला नाही."

म्हणजे तो अभिनव. माझ्या भावाला त्याचं नाव माहीत होतं आणि त्याला माझ्या भावाचं.

मी त्याच्या हातातली फाइल हिसकावली. त्यानेही घेऊ दिली. खरेदीखत होतं, रीतसर नोंदलेलं, मार्च महिन्याचं. देणार म्हणून दोन नावं, रणजित आणि मुक्ताबाई. दोघांचे फोटो, दोघांचे अंगठे. आईच्या फोटोत निळं पातळ आणि चष्मा.

"आई," मी विचारलं, "हा फोटो कधीचा?"

तिने ऐरणीवरचा एक हात सोडून डोळे पुसले आणि कागदाजवळ तोंड नेलं. "इसाचा," ती म्हणाली. "इसाच्या हापिसातला हाय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. बाकूचा व्हिसा घरबसल्या मोबाइलवर मिळतो, त्याला अंगठा लागत नाही. हे शोधायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. पोरांना मी वर्षभर बजावते की उत्तर तपासून बघा, आणि त्या दिवशी फोनवर मी विनोद केला होता.

रणजितने सगळं व्यवस्थित जुळवलं होतं. गल्ली बंद, शेजारी देशाबाहेर, कामगार गावाला, आई विमानात. परत येईपर्यंत शेड जमीनदोस्त. मग छाती बडवायची की आम्ही बाहेरगावी असताना कुणीतरी ताबा मारला. आईला आयुष्यभर ते खरं वाटलं असतं. मलाही.

"रणजित," मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "ऐकतोयस ना?"

"ताई, नंतर सांगतो सगळं. तू आईला घेऊन बाहेर जा फक्त. सगळेच विकतात गं. आपण एकटेच किती दिवस धरून बसणार?" मागे पुन्हा ताटल्या वाजल्या.

अभिनवने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि जेसीबीवाल्याला हात केला. लोखंडी दात पुढच्या खांबावर आदळला. पत्रे कडाडले, वरून गंज आणि धूळ कोसळली. मी डोळ्यांवर हात घेतला. हात काढला तेव्हा आई उभी होती. तिच्या हातात घणाचा लहान भाऊ, आमच्याकडे त्याला हातोडाच म्हणतात, पण दोन किलोचा आहे. वडील तो एका हाताने चालवायचे. तिने दोन्ही हातांनी धरला, दोन पावलं पुढे टाकली आणि अभिनवच्या डोक्यात घातला.

तो आवाज मी विसरणार नाही आणि विसरायचाही नाही. अभिनव आधी गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. इस्त्रीचा शर्ट खांद्यापासून लाल होत गेला. आईने हातोडा पुन्हा उचलला. "माझ्या रानात," ती म्हणाली, "माझ्या रानात येतुयास?" तेवढ्यात प्रियदर्शनीने तिला दोन्ही हातांनी ढकललं. आई मागे लोखंडी अँगलच्या ढिगावर कोसळली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी एक अँगल उचलला आणि प्रियदर्शनीच्या खांद्यावर हाणला. ती पडली, मी पुन्हा हाणला. कुणीतरी माझ्या कानाखाली वाजवली, मी फिरून त्याच्या नडगीवर हाणला. जेसीबीचं इंजिन चालूच होतं. आणि वर भिंतीतून माझा भाऊ "थांबा! अरे थांबा!" म्हणून ओरडत होता, बाकूहून, नाश्त्याच्या टेबलावरून.

पोलीस सात-आठ मिनिटांनी आले. माझ्या हातातला अँगल काढून घ्यायला दोघे लागले.

आईच्या खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, सळई टाकली. अभिनव वाचला. त्याने आईवर जिवे मारायच्या प्रयत्नाची फिर्याद दिली आणि माझ्यावर मारहाणीची. आमच्या वकील बाईंनी मला हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात बसवून सोप्या भाषेत समजावलं. आईने अंगठा कशासाठी दिला यावर सगळं अवलंबून आहे. व्हिसाच्या नावाखाली फसवून घेतला, असा तिने जबाब दिला तर खरेदीखत टिकणं अवघड, जागा तिची, आणि स्वतःच्या जागेत घुसलेल्या माणसाला तिने मारलं, असं उभं करता येतं. पण मग फसवणुकीत पहिलं नाव रणजितचं, तो आत जाणार. तिने जाणूनबुजून अंगठा दिला असं सांगितलं तर रणजित सुटला. मग जागा गेली आणि आई ही दुसऱ्याच्या जागेत शिरून डोकं फोडणारी बाई ठरली. एकाहत्तराव्या वर्षी, मोडक्या खुब्यासकट.

"आत" म्हणजे येरवड्याचा तुरुंग. आमच्या घरापासून पायी वीस मिनिटं. लहानपणी त्या भिंतीकडे बोट दाखवून आई रणजितला जेवायला घालायची.

दोन दिवस आई रणजितबद्दल एक अक्षर बोलली नाही. पाणी मागायची, सळई दुखते म्हणायची, छताकडे बघायची. मी विचारलं, "जबाबात काय सांगणार?" तर डोळे मिटून घ्यायची. मला तिचा राग येत होता. पोरगा वाचवणार ही, मला खात्रीच होती. आयांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्या फक्त मधल्या पायऱ्या लिहायला वेळ घेतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी रणजित आला. थेट विमानतळावरून, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. अपेक्षा आणि सूरज घरी गेले होते. वऱ्हांड्यात त्याने "ताई" म्हटलं आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. पाची बोटं उठली. त्याने दुसरा गाल पुढे केला नाही, पण हातही उचलला नाही. मी आणखी दोन मारल्या. नर्स धावत आली, तेव्हा थांबले.

आत आईच्या कॉटशेजारी हवालदार जबाब घ्यायला बसले होते. पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ, मांडीवर कागद. रणजित आईच्या पायाशी बसला आणि तिच्या पावलावर कपाळ टेकवून रडायला लागला. खरं रडत होता. ते मी नाकारत नाही.

"आई, चुकलं माझं. मला वाटलं तू ताईकडे आहेस. तू दिसलीस आणि मी ओरडत होतो, थांबा म्हणून. घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. ताईला विचार."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याशी खोटं बोलू शकले असते. "ओरडत होता," मी म्हटलं. "मी ऐकलं."

"ही आली तवा वरडत व्हता," आई म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "ही यायच्या आदी काय म्हणलास?"

रणजितचं रडणं थांबलं.

"त्ये आले, तवा म्या झाडत व्हते," आई हवालदारांना सांगू लागली. "त्यो फायलीवाला मला बघून थांबला. चांगला थांबला. म्हणला, आजी हाय हितं, आज नको, मशीन बंद करा. आन मग त्या भिताडातनं ह्याचा आवाज आला. म्या म्हणलं, माझा पोरगा बोलतुय, आता ह्यांना हाकलून देतुय. तर म्हणला..." तिने मान रणजितकडे वळवली. "सांग की रं. तुझ्या तोंडानं सांग."

रणजितने तोंड तिच्या पायावरच्या चादरीत खुपसलं.

"म्हणला, थांबू नका, परत असा चान्स यायचा न्हाई. म्हातारीला उचला आन भाईर बशिवा, ऐकायची न्हाई ती. बायका आणल्यात ना, म्हणला, मग." आईच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, ते तिने पुसलं नाही. "जागा घेतली आसती तर घेतली आसती. मी मेल्यावर त्याचीच व्हती. पर मी वर बगून त्याला हाक मारत व्हते वो. रणजिता, रणजिता म्हणून हाक मारत व्हते. आन त्यो माझ्याशी एक सबूद बोलला न्हाई. त्यांच्याशीच बोलला."

मला त्याला पुन्हा मारायचं होतं. त्याने मला फोन केला तो माझ्या आईला वाचवायला नव्हता. त्या बायकांच्याने ती ऐरणीपासून सुटेना, म्हणून केला होता.

"लिवा," आई म्हणाली. "अंगठा मला इसाचा म्हणून घेतला. घेणाऱ्याचं नाव रणजित, बापाचं नाव जयसिंग. माझा पोरगा."

हवालदारांनी पेन कागदावर टेकवलं आणि तसंच ठेवलं. एकदा रणजितकडे पाहिलं, एकदा आईकडे. "आजी, विचार करून बोला," ते हळूच म्हणाले. "एकदा लिहिलं की खोडता येत नाही. मुलगा आहे तुमचा."

"पोरगा हाय म्हणून तर तुमाला सांगती," आई म्हणाली. "त्या परक्याचं डोस्कं माझं म्या फोडलं. ह्याच्यावर हात उचलत न्हाई माझा."